साडेतीन थाऊ

दादाला जाळलं त्या रात्री मी नऊ तास झोपलो. लोक म्हणाले, धक्का बसला बिचाऱ्याला. धक्काबिक्का काही नव्हता. झोप आली, झोपलो.

पुढच्या रविवारी पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, वंदना झाली, दादाच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. सोमवारी सकाळी वहिनी शेडात आली. आमचं शेड इंदोऱ्याच्या वस्तीत, घराला लागूनच, वर टिनाचं छप्पर. मागच्या भिंतीला बुलेट टेकवून ठेवली होती. हँडल वाकलेलं, डाव्या बाजूचं पायदान तुटलेलं, टाकीवर पिवळ्या अक्षरात भैय्याजींचं नाव. त्या नावाला साधा ओरखडाही नव्हता.

“भाऊजी, इंजिन खोला,” वहिनी म्हणाली.

“आज?”

“आजच. मले पाह्यचं आहे कोनं मारलं त्याले.”

गोपिकावहिनी सातवी शिकलेली बाई. इंजिन तिनं बाहेरून पुसलं असेल तेवढंच. पण ऑइलचा रिकामा डबा उलटा करून ती त्यावर बसली आणि मी पाना हातात घेईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली.

झालं होतं ते एवढंच. एप्रिलमध्ये कामठीच्या पलीकडच्या मैदानात मोटारसायकलींची शर्यत होती. गाडी भैय्याजींची. भैय्याजी काटोलचे संत्र्याचे व्यापारी, दादा त्यांच्या ट्रकवर ड्रायव्हर. गाडी चालवणारा दादा, इंजिन बांधणारा मी, नाव त्यांचं. तिसऱ्या फेरीत सरळ पट्ट्यावर सव्वाशेच्या वेगात इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी अडकलं, गाडी आडवी झाली. दादा दगडांच्या ढिगावर गेला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

भैय्याजींनी माणूस पाठवून कळवलं, आनंदराव घाबरला, क्लच दाबला नाही, इंजिनाचा काही दोष नाही. हे ऐकून वस्ती पेटली. वहिनीचा भाऊ गिरिधर मिलमध्ये युनियनचं काम करतो. तो म्हणाला, शर्यतीआधी तीन दिवस गाडी काटोलच्या गोदामात होती, भैय्याजीनं सीताबर्डीचा मिस्त्री बोलावून हेड घासून घेतलं, त्याच्यानं इंजिन फुटलं. हा खून आहे, मोर्चा काढू.

त्याच्या बोलण्याला आधार होता. भैय्याजींना कॉम्प्रेशन नऊ हवं होतं. कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येऊन आतल्या पेट्रोल मिसळलेल्या हवेला किती पट दाबतो ते. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासलं की त्याच्या आतली पोकळी लहान होते, दाब वाढतो, जोर वाढतो आणि आतली आगही वाढते. आपल्या पंपावरच्या पेट्रोलला नऊ झेपत नाही. ते वेळेआधीच भडकतं आणि पिस्टनचं डोकं खाऊन भोक पाडतं. मी आठवर थांबलो होतो. भैय्याजी मला तोंडावर म्हणाले होते, “आठ तं कोनीही करते गा. मंग तुले कायले बोलावलं?” मी म्हणालो, नऊ करायचं असेल तर दुसरा मिस्त्री पाहा. मी असाच बोलतो. त्यामुळे माझी गिऱ्हाइकं कमी आहेत.

तेव्हा हेड खरंच आणखी घासलेलं निघालं तर भैय्याजींनी मारलं. नाही निघालं तर मारणारा एकच माणूस उरत होता, आणि तो पाना धरून बसला होता. हे वहिनीला माहीत नव्हतं. गिरिधरला नव्हतं. मला आठ दिवसांपासून माहीत होतं.

मी आधी प्लग काढला. त्याचा रंग बिस्किटासारखा होता. फार तापलेल्या इंजिनाचा प्लग पांढरा पडतो, त्यावर वितळलेल्या ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटतात. मणी नव्हते.

“काय म्हणते?” वहिनीनं विचारलं.

“अजून काही म्हणत नाही.”

शेडाच्या दाराशी गिरिधर येऊन उभा राहिला. त्याच्या मागे वस्तीतले दहा-बारा जण. नानाजी म्हातारा काठी टेकून आलेला, इंदूबाई कडेवर नातू घेऊन.

“खोलून राहिला का गा?” गिरिधर म्हणाला. “खोल. आम्ही साक्षीदार.”

“उजेडातून बाजूले हो,” मी म्हणालो.

हेडचे बोल्ट सुटले. हेड उचललं. पिस्टनच्या डोक्यावर काळी-करडी राख होती, नेहमीची. भोक नव्हतं, कडा खाल्लेल्या नव्हत्या. मी बोट फिरवून पाहिलं, बोटाला राख लागली. मग मोजायचं ठरवलं, कारण मला अजून भैय्याजी हवा होता. एवढा मला तो कधीच हवा झाला नव्हता.

हेड बांधताना मी त्याची पोकळी मोजून ठेवली होती. हेड उलटं करायचं, त्यावर भोकाची काच ठेवायची आणि कंपाउंडरकडून आणलेल्या दहा सीसीच्या पिचकारीनं तेल भरायचं. माझ्या मोजणीत बावन्न सीसी तेल मावलं होतं. कुणी पुन्हा घासलं असेल तर कमी मावणार. मी हे वहिनीला सांगितलं, मोठ्यानं, दाराशी उभ्या लोकांनाही ऐकू जावं असं.

“म्हंजे पाच पिचकाऱ्या अन् वरतं दोन,” वहिनी म्हणाली.

“हो. पाचवी सरायच्या आत भरलं तं भैय्याजी.”

“अन् नाही भरलं तं?”

मी पिचकारी भरून घेतली.

पहिली गेली. दुसरी गेली. तिसरीला इंदूबाईचा नातू रडायला लागला, तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. चौथी गेली. गिरिधर आत सरकला. पाचवी मी हळू सोडली, फार हळू, जणू हळू सोडल्यानं काही बदलणार होतं. पाचवी संपली आणि काचेखाली हवेचा एक बुडबुडा उरला. मी वर दोन सीसी सोडले. बुडबुडा गेला.

बावन्न.

मला काही वाटलं नाही. हात पुसायला फडकं कुठं ठेवलं ते मी शोधत होतो.

“मंग?” गिरिधर म्हणाला. “मंग काय?”

“हेडले कोनी हात लावला नाही. मी दिलं तसंच आहे.”

“असं कसं? परत मोज.”

“परत बावन्नच येईन.”

सिलिंडर वर यायला तयार नव्हता. पिस्टन आत धरला होता, जाम बसला होता. मी घासलेट ओतलं, थोडा वेळ थांबलो, मग लाकडी हातोड्यानं चारही बाजूंनी ठोकलं. मी न सांगता वहिनीनं उठून खालून गाडी धरली. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळे आवाज फक्त हातोड्याचा. शेवटी सिलिंडर एकदम सुटला आणि पिस्टन बाहेर आला.

बाजूला चार ठिकाणी, पिस्टन गोल असूनही ज्यांना आम्ही कोपरे म्हणतो तिथं, ॲल्युमिनियम खाली ओढलं गेलेलं. रेघा नव्हत्या, पट्टे होते. तेल संपून धरलेला पिस्टन वेगळा दिसतो. चारही कोपऱ्यांवर धरलेला पिस्टन म्हणजे फट कमी. याला दुसरं कारण नाही. कुठल्याही मिस्त्र्याला विचारा.

पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात फट ठेवावी लागते. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो. ही फट आम्ही थाऊमध्ये मोजतो, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, माणसाचा केस असतो दोन-तीन थाऊचा. रोजच्या गाडीला साडेतीन थाऊ पुरतात. एप्रिलच्या उन्हात, वाढवलेल्या कॉम्प्रेशनवर, पूर्ण जोरात पळवायच्या गाडीला मी आधी सहा ठेवले होते. सहा ठेवलेलं इंजिन थंड असताना खडखडतं. गरम झालं की गप्प होतं. त्यात बिघाड काही नाही, ते तसंच असतं.

शर्यतीच्या महिनाभर आधी काटोलला गोदामासमोर भैय्याजींनी नारळ फोडला. पाहुणे आले होते, खुर्च्या मांडल्या होत्या. दादा आणि मी उभे होतो. दादानं किक मारली आणि इंजिन खडखडलं. एक पांढऱ्या टोपीवाला पाहुणा म्हणाला, “भैय्याजी, इंजिन आहे का भांड्याईचं दुकान?” सगळे हसले. मग तो हळू आवाजात, पण आम्हाला ऐकू येईल एवढ्या हळू, म्हणाला, “या लोकाइच्या हातचं असंच वाजते.”

भैय्याजीही हसले. गरम व्हायला पाच मिनिटं लागणार होती, पाच मिनिटं कुणी थांबलं नाही, सगळे आत जेवायला गेले. आम्हाला पंगत बाहेर होती.

आम्ही बसनं परत आलो. घरी आल्यावर दादा शेडात आला आणि मला म्हणाला, “तारा, आवाज बंद कर.”

“गरम झालं का बंद होते, तुले मालूम आहे.”

“मले मालूम आहे. त्याईले नाही. टाइट कर.”

“टाइट केलं तं पकडंन.”

“साडेतीन ठेव. मी सांभाळून नेतो.”

मी एक माप मोठा पिस्टन आणला, सिलिंडर त्याच्या मापाला पुन्हा बोअर केला, म्हणजे आतून कापला. साडेतीन थाऊ. किक मारली तर शिलाई मशीनसारखं चालू झालं. दादा खूष झाला. माझी पाठ थोपटली.

हे सगळं मी वहिनीला सांगितलं. दाराशी लोक होते, तरी सांगितलं. तिनं पिस्टन हातात घेतला, तो पट्टा नखानं खरवडून पाहिला.

“म्हंजे त्यानं म्हटलं अन् तुम्ही केलं.”

“हो.”

“तुम्हाले मालूम होतं, पकडंन म्हणून?”

“मालूम होतं.”

“मंग काहून केलं? तो तं येडा होता, रुसला होता. तुम्ही मिस्त्री. दोन थोबाडीत काहून नाही मारल्या त्याच्या?”

मी सिलिंडर उचलून आत पाहिलं. खोटं शोधत नव्हतो. खरं काय ते पाहत होतो.

“मलेही लाज वाटली होती, वहिनी. त्या टोपीवाल्यापुढं. मलेही वाटलं, आपलं वाजू नये.”

पिस्टन तिनं मांडीवर ठेवला. घासलेटचा डाग पातळाला लागला.

गिरिधर आत आला, शेडाचं दार त्यानं आपल्या मागे अर्धं लोटलं आणि माझ्या कानाशी आला.

“ऐक गा. शेजारच्या लेथवर हेड लाव. दहा मिनिटाचं काम. घासून टाक. मंग मोज पंचासमोर, कमी येईन. भैय्याजी अंदर.”

“त्यानं घासलं नाही.”

“त्याईनं हजार वर्सं खोटं लिवलं आपल्याबद्दल. तू एक डाव बोलला तं आभाळ कोसळते का?”

“कोसळत नाही,” मी म्हणालो. खरंच म्हणालो. मी त्या हेडकडे पाहत होतो, लेथ कुठला मोकळा असेल तेही माझ्या डोक्यात आलं होतं. टोपीवाला हसला तेव्हा भैय्याजी हसला होता. त्याबद्दल त्याला आत टाकायला मी तयार होतो.

“गिरिधर,” वहिनी म्हणाली, “बाहेर जाय.”

“तू चूप बस वं. तुले समजत नाही.”

“मले समजलं. बावन्न. मी मोजल्या पिचकाऱ्या.” ती उठली. “माझ्या माणसाच्या नावानं हेड घासू नको. क्लचचं खोटं त्याईनं सांगितलं, तेवढं पुरे झालं.”

“अन् लोकाइले काय सांगू? दोनशे माणसं येऊन राहिली उद्या मोर्चाले.”

“सांग, दिरानं मारलं.”

गिरिधर माझ्याकडे बघायला लागला. मी नाही म्हणावं असं त्याला वाटत असावं. मी हात पुसले आणि दाराकडे गेलो. लोटलेलं दार उघडलं. बाहेर ऊन होतं. मी सांगितलं, भैय्याजीनं हेड घासलं नाही. दादानं क्लच दाबला का नाही ते मला माहीत नाही, पण सव्वाशेला इंजिन पकडल्यावर क्लच दाबायला कुणालाच वेळ मिळत नाही. फट कमी ठेवली होती. ती मी ठेवली.

कुणी मारायला धावेल असं वाटलं होतं. कुणी धावलं नाही. नानाजी म्हणाले, “किती देल्ले गा भैय्याजीनं?” मी म्हणालो, काही नाही. ते म्हणाले, “मंग तं तू अजूनच बेअक्कल.” ते काठी टेकत निघून गेले. इंदूबाई थोडा वेळ उभी राहिली, मग तीही गेली. गिरिधर सायकल घेऊन गेला, घंटी वाजवत, जणू गल्लीत गर्दी होती.

मी आत आलो. वहिनी पिस्टन कपाटात ठेवत होती, दादाच्या कागदांजवळ, वर्तमानपत्रात गुंडाळून. तिच्या लग्नापासून नऊ वर्षं आम्ही एकाच चुलीवरचं जेवलो होतो.

“उद्यापासून तुमचं ताट तुम्ही पाहा,” ती म्हणाली.

“बरं,” मी म्हणालो.

ती घरात गेली. मी सुटलेले बोल्ट डब्यात भरले, मोजून. आठ असायला हवे होते. आठ होते.