पाथरीच्या जुड्या

पाथरी ओळखायला सोपी. जमिनीला अंग टेकून पसरते, पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या, सकाळी पिवळं फूल उघडतं आणि उन्हं वर आली की मिटतं. देठ मोडला की पांढरा चीक येतो, बोटं दिवसभर काळपट राहतात. मखमलाबादला माझ्या माहेरच्या मळ्यात आई मेथीच्या वाफ्यातली पाथरी निंदून बांधावर टाकायची, आणि मनात आलं तर त्यातलीच मूठभर आणून भाजी करायची. सासरी ती कुणी खात नाही. कडू लागते म्हणतात.

मयुरीच्या सशांना मात्र पाथरीपुढे गाजरसुद्धा नको असायचं.

ससे आणले ते बंटी झाला तेव्हा. मी बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी आले, तर सहा वर्षांची मयुरी दारात उभी. म्हणाली, "आईला बाळ आलं. मला काय आलं?" माझ्या नवऱ्याला, ज्ञानेशना, ते इतकं लागलं की पुढच्याच बुधवारी ते गोदाकाठी, गंगेवरच्या बाजारात गेले आणि कापडी पिशवीतून दोन ससे घेऊन आले. एक करडा, एक पांढरी. भुऱ्या आणि चांदी. "हे तुझं बाळंतपण," ते मयुरीला म्हणाले. मी त्या दिवशी खूप हसले होते. माणूस असा असावा, असं वाटलं होतं.

मग रोज सकाळी शाळेआधी आम्ही तिघं कॉलनीमागच्या पाटावर. बंटी कडेवर, मयुरी पुढे. पाणी सुटलेलं असलं की भरावावर पाथरी कोवळी मिळायची. द्राक्षबागेच्या कडेची घ्यायची नाही, तिथे औषध मारलेलं असतं, हे मी तिला एकदाच सांगितलं. तेव्हापासून ती प्रत्येक पान नाकाशी धरून, डोळे बारीक करून, मगच पिशवीत टाकायची.

घरी आल्यावर मी जुडी बांधायची. आई बाजारासाठी बांधायची तशीच, पण वर एक लांब फास ठेवून, म्हणजे ती पिंजऱ्याच्या जाळीला टांगता येते आणि ससे पाला पायाखाली तुडवत नाहीत. बांधायला माझ्या जुन्या जांभळ्या साडीच्या चिंध्या.

दिवाळीच्या सुमारास बंटीला खोकला धरला. खालच्या घरमालकीण वत्सलाकाकू म्हणाल्या, "सशांचे केस गं ते. लेकराच्या छातीत जातात. आणि वासाचं मी काही बोलत नाही." रोज हेच बोलायच्या. शेवटी ज्ञानेशनीच तोड काढली. त्यांच्या कंपनीतल्या कोंडाजीचा गिरणाऱ्याला मळा होता. तिथे ससे मोकळे राहतील.

मयुरी रडली नाही. तिने अट घातली. "पाला मीच देणार. रोज."

"रोज नेईन," ज्ञानेश म्हणाले. "मी कंपनीत कोंडाजीकडे देईन, तो संध्याकाळी घरी नेईल. मग तर झालं?"

तेव्हापासून जुडीची पिशवी दारामागच्या खिळ्याला टांगलेली असायची. जाताना ते ती स्कूटरला अडकवायचे. संध्याकाळी पिशवी रिकामी परत. मयुरी ती उलटी करून झटकायची. "कालचं सगळं संपवलं?"

"सगळं. चांदीने तर चिंधीपण खाल्ली असती."

आणि रोज काहीतरी बातमी. भुऱ्याने कोंडाजीच्या म्हातारीच्या कोथिंबिरीत तोंड घातलं. चांदीने बांधाखाली बीळ काढलं. मग एक दिवस चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मयू, तू मावशी झालीस. तीन पिल्लं."

मयुरीने त्यांची नावं ठेवली: इडली, डोसा आणि पोहे. मीही तेव्हा बंटीला अंगावर पाजत होते. चांदी ओली बाळंतीण, तिला जास्त लागेल, म्हणून मी जुडीत रोज एक मूठ वाढवली. त्यासाठी पाटावर थोडं लांब चालायला लागायचं. थंडीत बंटीला स्वेटरवर स्वेटर घालून मी चालायची.

त्या गुरुवारी बंटीचा डोस होता. दवाखान्यातून परतताना रिक्षा मिळेना, म्हणून सातपूरच्या बाजूने पाटाच्या छोट्या पुलावरून निघाले. त्या बाजूला मी कधी गेले नव्हते. पुलापलीकडे एक बाई शेळ्या घेऊन बसली होती.

"टेक की बाई जरा," ती म्हणाली. "लेकरू जड दिसतंय."

मी टेकले आणि पायाशी जांभळी चिंधी दिसली. मग आणखी एक. मातीत, बाभळीखाली, लेंड्यांमध्ये, सगळीकडे. काही उन्हाने पांढुरक्या पडलेल्या, एक अजून ओली. प्रत्येकीला वर लांब फास.

"हे कुठलं हो, मावशी?"

"ते व्हय? एक स्कूटरवाला पाला टाकून जातो. रोज सकाळी. थांबत नाय, बोलत नाय. शेळ्या आता हॉर्न वळखाया लागल्या त्याचा. लय भला माणूस."

"कधीपासून?"

"दिवाळी झाल्यापसनं. ही पांढरी व्यालीय ना माझी, तिला चांगलं दूध आलं त्याच्यावर. मागं मागं जुडी पण मोठी याया लागली." तिने एक चिंधी उचलून माझ्यापुढे धरली. "त्याच्या घरची बाई हाताची चांगली असंल. बघ कशी बांधती."

मी हो म्हणाले. बंटीने ती चिंधी मुठीत धरली आणि घरापर्यंत सोडली नाही.

संध्याकाळी मयुरी खाली खेळत होती. ज्ञानेशनी चहा हातात घेतला तेव्हा मी चिंधी बशीशेजारी ठेवली. त्यांनी कप खाली ठेवला.

"कुठे गेली होतीस?" हे पहिलं वाक्य.

"डोसला. पुलावरून आले."

"साधना, ऐक. ससे नेले त्याच रविवारी कोंडाजीकडे पाहुणे आले. त्यांच्यासाठी ससे कापले. मला सोमवारी डबा खाताना सांगितलं त्याने, हसत हसत. मी काय करणार होतो?"

"घरी येऊन सांगणार होतात."

"मयू दारातच उभी होती. पिशवी झटकत. काहीतरी सांगायला लागलंच."

"मग पिल्लं?"

ते चिंधीशी चाळा करत राहिले. "ती किती खूश झाली होती. तूही झालीस. किती हौसेने बांधायचीस रोज. मला वाटलं, चाललंय तर चालू दे." मग एकदम सुटका झाल्यासारखे म्हणाले, "आपण असं सांगू. म्हणावं, पळाले रानात. पोरांना घेऊन पळाले, तिकडे मजेत आहेत."

त्यांनी 'आपण' म्हटलं होतं. इतके दिवस ते खोटं त्यांचं होतं. उद्या मी जुडी बांधली, एक जरी बांधली, तर ते माझंही होणार होतं. आणि मयुरी पानं हुंगून घेते, पण माझ्या हातची गोष्ट ती अजून न हुंगता घेते.

सकाळी पाटावर पिशवी अर्धी भरल्यावर मी तिला खाली बसवलं आणि सांगितलं. लपवलं काही नाही. ती पाथरीचं एक पान हातात घेऊन ऐकत होती. चीक तिच्या बोटांवर आला.

"पिल्लांना पण?"

"पिल्लं झालीच नव्हती, मयू."

तिने हातातलं पान खाली ठेवलं. "मग मी नावं कुणाला ठेवली?"

मी बंटीचा स्वेटर खाली ओढला.

"तुला माहीत होतं?"

"काल कळलं."

तिने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. पानाकडे बघायची तसंच. वेळ लावून. मग माझ्या कडेवरच्या बंटीचा पाय धरला आणि म्हणाली, "चल. शाळेला उशीर होईल." वाटेत पिशवी माझ्या हातात दिली. "हे आता बाबांनाच दे."

मी पाथरी निवडली, धुतली. लसणाची फोडणी, भिजवलेली मूगडाळ. आई चवीला गुळाचा खडा घालायची, तो मी घातला नाही.

निघताना सवयीने ज्ञानेशचा हात दारामागे गेला. खिळा रिकामा होता.

"डब्यात दिलीय," मी म्हणाले.

ते माझ्याकडे, मग मयुरीकडे बघत राहिले. ती बुटाची नाडी बांधत होती. एरवी ती त्यांना फाटकापर्यंत सोडायला जायची.

संध्याकाळी त्यांनी डबा ओट्यावर ठेवला. "भाजी छान झाली होती," म्हणाले. "कडू नाही लागली."

मयुरी आली. तिने झाकण काढलं, आत बघितलं आणि डबा माझ्यापुढे धरला. मी पण बघितलं. डबा रिकामा होता, अगदी पुसून घेतल्यासारखा.

पिशवीसुद्धा रोज रिकामीच यायची.