रघुवीरदादासाठी पेटलेला अग्नी

गिरगावातल्या आमच्या चाळीचं अंगण माणसांनी गच्च भरलं होतं. मधोमध हवनकुंड, त्यामागे तेजोनाथ महाराज.

"माई, विमान म्हणजे अग्नी आणि वायूचं लग्न!" महाराज गरजले. "तुझा रघुवीर श्वास घेत असेल, तर काडी न लावता अग्नी पेटेल."

त्यांनी समिधांवर पळीभर तूप ओतलं आणि मंत्र लांबवला. धूर निघाला, भप्पकन जाळ झाला. सगळ्यांचे हात जोडले गेले. आई आनंदानं रडू लागली.

१९४४ साल. माझा भाऊ रघुवीर लढाऊ विमान चालवायचा. ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर त्याचं विमान जळत समुद्रात पडलं, ते सोबतच्या वैमानिकानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण महिनाभरापूर्वी महाराजांनी 'जिवंत आहे' म्हटलं आणि आईनं अन्न सोडलं. तो येईपर्यंत फक्त दूध. 'दादा असा होता' एवढं म्हटलं तरी ती कानांवर हात ठेवी. मी डॉक्टर, तिची नाडी मंदावत चाललेली मला कळत होती.

गर्दी पांगल्यावर मी कुंडाशी बसले. काठाला काळे कण होते, ओल्या बोटाला लागताच जांभळे झाले. पळीला तुपाचा वास नव्हता. जिभेला गोड लागली.

दुसऱ्या दिवशी महाराजांसमोरच, सगळ्या चाळीदेखत मी कुंडात समिधा रचल्या आणि वर पळी ओतली. "आमचे अप्पा आजोबा जिवंत असतील, तर अग्नी पेटू दे!"

"कालिंदी, वेड लागलं का?" शेजारचे रामचंद्रकाका ओरडले. "अप्पांना मी खांदा दिलाय!"

जाळ झाला.

"काका, विहिरीत टाकतात ते जांभळं औषध समिधांखाली आहे," मी म्हणाले. "तूप नव्हे, वर ग्लिसरीन ओतलं. दोन्ही एकत्र आली की थोड्या वेळानं पेट घेतात. तोवर मंत्र म्हणायचा."

महाराज झोळी उचलून निघाले. लोक त्यांच्यामागे धावले. आई जागची हलली नाही.

"मग... रघू?"

"दादा गेला, आई."

"जळताना त्यानं मला हाक मारली असेल गं."

मी तिला घट्ट धरलं. संध्याकाळी तिनं दोन घास मऊ भात खाल्ला आणि म्हणाली, "त्याच्याबद्दल बोल काहीतरी."

आपलं माणूस गेलं, की 'आहे' म्हणणाऱ्याचे पाय धरावेसे वाटतात. मलाही वाटलं होतं. तरी तेवढं विचाराच: पळीत काय आहे?