बोंबलांनी वाकवलेला बूम

ऐक रे, मध्ये बोलू नकोस, आधी नुसतं ऐक! आणि मित्रांनो, तुम्हीपण सरका जवळ. मी एक जुना बूम आहे. बूम म्हणजे काय? शिडाच्या छोट्या होडीत डोलकाठी उभी असते ना, तिला आडवी जोडलेली नळी. शिडाची खालची कड माझ्या खाचेत बसते. मी नसलो तर शीड नुसतं फडफडणार.

मी ॲल्युमिनियमचा. मालाडजवळच्या मार्व्याच्या फिलिपनी होडीसकट मला एका क्लबाकडून जुन्यातच विकत घेतलं. त्यांची मुलगी नॅन्सी शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मला पुसायची. काय थाट होता यार!

आणि शहाऐंशीच्या ऑक्टोबरात फ्रेडीनं, म्हणजे तिच्या मोठ्या भावानं, माझी वाट लावली. बोंबील वाळत घालायच्या मांडवाचा बांबू मोडला, तर यानं मला होडीवरून काढून तिथे बांधलं. "एका दिवसाचा तर प्रश्न!" मग ओले बोंबील, जबड्यात जबडा अडकवून जोडी-जोडीनं, टोपल्यांवर टोपल्या! दुपारपर्यंत मी मधोमध वाकलो.

नॅन्सी किंचाळली, "अरे, रविवारी शर्यत आहे!"

"मग बोंबील लाव शिडाला," फ्रेडी हसला.

फिलिप हसले नाहीत. "होडी नुसती अंगण अडवते. शर्यत पुरी केलीस तर राहील. नाहीतर सोमवारी होडीला गिऱ्हाईक येतंय."

फ्रेडीनं हातोडा उचलला. "थांब, ठोकून सरळ करतो."

"हात लावून तर बघ!"

नॅन्सीनं मला खांद्यावर टाकलं. बसचा कंडक्टर म्हणाला, "एवढी लांब नळी? टपावर बसणार काय?" ती चालत निघाली, थेट मालाडच्या सुतारापर्यंत! खांदा सोलवटला, तरी थांबली नाही.

काशीराम सुतारांनी मला डोळ्यांसमोर धरलं. "ठोकलंस तर मोडतलो गो बाय. कापूक होयो." करवत लागली तेव्हा मी जाम घाबरलो. वाकलेला तुकडा गेला, आत सागवानाचा दांडा घट्ट बसला, दोन्हीकडून रिव्हेट. मी चार बोटं आखूड झालो, पण सरळ! काशीराम म्हणाले, "वळताना झटको देऊ नको. सावकाश."

रविवारी शेवटचा बोया, म्हणजे वळायची तरंगती खूण, आला तेव्हा पुढे एकच होडी होती. नॅन्सीबरोबर होडीत बसलेला फ्रेडी ओरडला, "आतून घे गं, झटकन! पहिले येतोय!"

तेवढ्यात माझ्या जोडातून आवाज आला. कर्र.

नॅन्सीनं ऐकला. दात घट्ट आवळून तिनं एका हातानं मला धरलं आणि लांबून, सावकाश वळण घेतलं. दोन होड्या आम्हाला मागे टाकून गेल्या. आम्ही चौथे. फ्रेडीचं तोंड एवढंसं! पण शर्यत पुरी झाली आणि मी अख्खा होतो.

किनाऱ्यावर फिलिपनी माझ्या जोडावरून अंगठा फिरवला. "फ्रेडी, मांडवाला नवा बांबू आण. गिऱ्हाइकाला मी सांगतो नको म्हणून."

मित्रांनो, ज्याचं काम त्यालाच करू द्या रे. आणि मोडलंच काही, तर हातोडा उचलायच्या आधी जाणत्याला विचारा.

आता तू खरं सांग हं. बोया समोर, पहिला नंबर हातभर लांब, आणि कानात माझी ती कर्र. तू काय केलं असतंस?