स्टिकरमधला पागेवाला

वसंतराव कारखानिसांना जगातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुठल्यातरी गोष्टीला बांधलेली दिसायची. ताटातला बटाटा पोर्तुगिजांनी आणला, चिकूचं मूळ झाड मेक्सिकोकडचं, असं सांगत ते कुणाच्याही जेवणाची चव घालवू शकत. कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाल्यावर तर त्यांना रान मोकळंच मिळालं. बडोद्यातल्या त्यांच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात ते दरवर्षी ‘धागेदोरे’ नावाचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम करत. आरतीला उशिरा येणारी मंडळीही त्याला वेळेवर येत. मंडळातली निवृत्त शिक्षिका अहल्यासुद्धा पुढच्या रांगेत बसायची आणि उत्तरं द्यायची. शाळेत इतकी वर्षं शिकवण्यात घालवलेली बाई, हात वर केल्याशिवाय कशी राहील?

तर हे वसंतराव एका दुपारी वासणा भागातल्या तिच्या फ्लॅटवर आले, सोफ्यावर बसले आणि पाणीही न पिता फोन तिच्यापुढे धरून म्हणाले, “हे ओळखा पाहू, ताई.”

त्यात ओळखायचं काय होतं! ते स्टिकर बडोद्यात कुणाच्या फोनवर नव्हतं? घोडा उधळलाय, त्यावरचा भालेवाला शिपाई एका बाजूने घसरत घोड्याच्या पोटाशी लटकलाय, पगडी नाकावर आलीय, तोंडाचा आ झालाय आणि खाली गुजरातीत लिहिलंय, ‘गयो!’ मॅच हरली की हेच, शेअर कोसळले की हेच. अहल्येने स्वतः त्याच दिवशी सकाळी निवृत्त शिक्षिकांच्या ग्रुपवर ते टाकलं होतं, कारण पथ्यावर असलेल्या एका मैत्रिणीने तळलेला लीलो चेवडो खाल्ल्याची कबुली दिली होती. पाठवून ती एकटीच मोठ्यांदा हसली होती.

“हे तर आपलं ‘गयो’,” ती म्हणाली.

“हा जुन्या गुजराती ऐतिहासिक सिनेमातला तुकडा आहे. सिनेमा कुणाला आठवत नाही, पण हा प्रसंग तेवढा राहिला. पण शिपाई कोण? बस ने, तिथेच तर खरी मजा आहे!” वसंतरावांनी आवाज खाली आणला. “तुमचे आबा.”

अहल्येला आधी राग आला तो त्यांच्या मूर्खपणाचा. आबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, फत्तेसिंहरावांचा, पाय प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात घसरून पडल्यामुळे मोडला होता, हे तिला नऊ वर्षांची असल्यापासून माहीत होतं. त्या कारखान्याच्या भिंतीजवळून जाताना तिने आजवर मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील, देव जाणे. तिने तसं सुनावलंही. वसंतराव बिचारे गोंधळले.

“पण ताई, आबांनीच सांगितलं मला. काल बागेत मी फोन बघत बसलो होतो, तर ते मागून डोकावले आणि म्हणाले, हा मी आहे.”

वसंतरावांना तसंच बसवून ती गॅलरीत गेली. आबा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. वाकडा पाय नेहमीसारखा स्टुलावर होता.

“आबा, तुम्ही कुठे पडला होता?”

त्यांनी पेपर खाली केला. “वसंताने सांगितलं वाटतं,” म्हणाले, आणि चक्क हसले. दुधावरची साय चोरताना पकडलेल्या पोरासारखे हसले. त्या हसण्याने अहल्येच्या अंगाची लाही लाही झाली.

मग त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना रंगून गेले. सिनेमावाल्यांना मिरवणुकीच्या प्रसंगासाठी माणसं हवी होती. कुणीतरी त्यांना सांगितलं, जुन्या संस्थानी फौजेतल्या मराठ्यांकडे जा, त्यांच्या पेट्यांतून खरे अंगरखे निघतील आणि पगडी बांधणारे हातही. तसे ते आले. या घराण्यातले पुरुष कधीकाळी पागेत, म्हणजे घोडदळात होते, म्हणून गल्लीत सगळे त्यांना पागेवाले म्हणत. सिनेमावाल्याने सहज विचारलं, घोड्यावर बसता येतं ना?

“आता पागेवाल्याला हा प्रश्न!” आबा म्हणाले. “मी म्हटलं, आम्ही घोड्यावरच जन्मतो.”

“आणि बसला होता कधी?”

“छे गं. आजोबांच्या वेळीच घोडे गेले. मी आपला सायकलवर कामाला जाणारा माणूस. पण नाही कसं म्हणणार? चार माणसं उभी होती.”

हे असलं फक्त पागेवालाच करू जाणे. दुसरा कुणी असता तर येत नाही म्हणाला असता आणि भाला घेऊन पायी चालला असता. पण तीन पिढ्या घोड्याच्या गोष्टींवर जगलेल्या घरात ‘येत नाही’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत. त्यापेक्षा हाड मोडलेलं परवडतं.

“कामावर खोटं आजारपण सांगून गेलो होतो,” आबा पुढे म्हणाले. “कळलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं? म्हणून गल्लीत सांगितलं, कारखान्यात पडलो. तुझ्या आईनेच सुचवलं ते. ती म्हणाली, पोरीलासुद्धा खरं सांगायचं नाही.”

आई. अहल्या दाराला धरून उभी राहिली. आईला जाऊन दोनच वर्षं झाली होती, आणि ती जाईपर्यंत हे खोटं सांभाळत राहिली होती.

आबा खाटेवर पडले ते दीड वर्ष उठले नाहीत, आणि ती नोकरी त्यांना पुन्हा धरता आली नाही. त्या घरातल्या बायका पडदा पाळणाऱ्या. भाजी आणायलासुद्धा उंबऱ्याबाहेर जायच्या नाहीत. तिची आई गंगाबाई मात्र रोज पहाटे मागच्या दाराने, डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढून बाहेर पडायची. गुजराती बंगल्यांमध्ये जायची, मुद्दाम लांबच्या, जिथे तिला मराठी माणूस भेटणार नाही. तिथे ती रोटल्या लाटायची, सणाला पुरणपोळीसारखी वेढमी करायची. गल्लीत कुणी विचारलं की देवळात गेले होते म्हणायची. इतकं देवदेव करणारी बाई दुसरी नाही, असं तिचं नावही झालं होतं! घरी येताना पदराखालून मऊ गुजराती रोटल्या आणायची आणि म्हणायची, शेजारणीने दिल्या. अहल्येला ते खोटं आहे हे माहीत होतं. आईच्या बोटांवर तव्याचे डाग होते. आबा खाटेवर बसून त्याच रोटल्या खायचे आणि म्हणायचे, जरा तूप कमी आहे.

पुढे आबांना एका दुकानात बसून करायचं काम मिळालं, तरी आईचं जाणं थांबलं नाही. ते थांबलं अहल्या शिक्षिका झाली तेव्हा. या सगळ्याच्या मुळाशी काय होतं, तर एका माणसाला चारचौघांत ‘येत नाही’ म्हणायची लाज वाटली. आणि आज तोच माणूस साय चोरल्यासारखा हसत होता.

वसंतराव दाराशी येऊन उभे राहिले होते. “मग ताई, करायचं ना? शेवटचा प्रश्न हाच ठेवतो. पडद्यावर तुकडा दाखवायचा, हा कोण म्हणून विचारायचं आणि मग आबा स्टेजवर! शाल, श्रीफळ. सगळं सभागृह उभं राहील, बघा.”

“करा,” अहल्या म्हणाली. “पण तो शिपाई पडला त्यानंतर काय झालं तेही सांगायचं. माझ्या आईने काय केलं ते सांगायचं. तिचं नाव घ्यायचं.”

आबांचं हसू तेवढ्यात मावळलं. “काय सांगायचं? पागेवाल्यांची सून लोकांच्या घरी पोळ्या लाटायला जात होती, हे भर सभेत सांगायचं? अब्रू आहे का नाही घराण्याला?”

“घोड्याच्या पोटाखाली लटकलेलं चालतं अब्रूला?”

“ती गंमत आहे गं. सगळ्या बडोद्याला ठाऊक आहे.”

“आणि आई?”

“आईला ते आवडलं नसतं,” आबा म्हणाले आणि त्यांनी पेपर वर केला.

ही खास युक्ती असते. मेलेल्या माणसाला काय आवडलं नसतं, हे जिवंत माणसाला आपल्या सोयीने नेमकं माहीत असतं. वसंतरावांनीही आपली बाजू मांडली. ताई, लोक दिवसभराचे दमून येतात, त्यांना जरा हसायचं असतं, एवढी लांबण तिथे बसणार नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीचा धागा शोधणारा हा गृहस्थ, पण हा एवढा एक धागा त्याला नको होता, कारण तो स्वयंपाकघरात जात होता.

अहल्येने त्या दिवशी दोघांनाही चहा दिला नाही. पुढचे दिवस ती भांडी आपटत राहिली. आबांशी बोलायची ते औषधापुरतं. जायचंच नाही असं तिने ठरवलं होतं. पण कार्यक्रमाच्या संध्याकाळी आबा इस्त्रीचा झब्बा घालून, दाढी करून, काठी घेऊन दारात उभे राहिले. एकट्याने जिना उतरणं त्यांना जमत नव्हतं, आणि ते तसं म्हणणारही नव्हते. ती मुकाट्याने चपला घालून निघाली.

सभागृह भरलेलं होतं. वसंतराव फुलून आले होते. चिकू झाला, बटाटा झाला, जुन्या जाहिरातींचे आवाज झाले, आणि मग शेवटी पडद्यावर तो तुकडा लागला. स्टिकरमध्ये क्षणभर दिसतं, इथे सगळं दिसलं. घोडा बिथरला, शिपायाने आधी भाला सोडला, मग लगाम सोडला. तो घसरला, त्याचा पाय रिकिबीत अडकला आणि घोडा त्याला ओढत घेऊन गेला. सभागृह हसून हसून आडवं झालं. अहल्येला त्या गदारोळात पाय कुठे पिळवटला तो क्षण नीट दिसला. सिनेमावाल्यांनी नेमका तोच ठेवला होता.

मग आबांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्या कडाडल्या. आबा स्टेजवर चढले, शाल घेतली आणि माइक हातात धरून त्यांनी गोष्ट सांगितली. ती आता आणखी रंगली होती. घोडा अरबी झाला होता. दिग्दर्शकाने त्यांना मिठी मारली होती. मोडलेल्या पायाचं ‘थोडं लागलं’ झालं होतं, आणि पागेवाल्याचा मुलगा म्हणे दुसऱ्याच दिवशी पुन्हा घोड्यावर बसायला तयार होता. लोक टाळ्या वाजवत होते.

“चला, संपला आपला—” वसंतराव म्हणाले, तेवढ्यात ती उठली. स्टेजच्या पायऱ्या चढून तिने त्यांच्या हातातला माइक घेतला. मागितला नाही, घेतला.

“एक प्रश्न राहिलाय,” ती म्हणाली. “धागा हाच आहे. हा माणूस पडल्यावर दीड वर्ष खाटेवर होता. नोकरी गेली. घरात एक लहान मुलगी. सांगा, त्या घरातली चूल कुणी पेटती ठेवली?”

लोकांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. हात वर झाले.

“भावांनी!”

“सिनेमावाल्यांनी पैसे दिले असणार!”

“संस्थानची पेन्शन असेल ने, जुने घराणे आहे!”

“मंडळाने मदत केली का?” मागून एकाने विचारलं. मंडळाने! अहल्येला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही. अख्ख्या सभागृहात बायका अर्ध्याहून जास्त होत्या. त्यांतल्याही कुणाच्या तोंडून ते उत्तर निघालं नाही.

“आबा,” ती वळून म्हणाली, “तुम्हाला येतं उत्तर. तुम्ही सांगा.”

आबांच्या हातात दुसरा माइक होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग समोरच्या माणसांकडे पाहिलं. त्यांचा श्वास माइकमधून सगळ्यांना ऐकू येत होता. वसंतराव घाईने पुढे झाले आणि सावरून घ्यायला म्हणाले, “आबा, नाही आठवत तर पास म्हणा, चालेल.”

“पास,” आबा म्हणाले.

काही लोक हसले. त्यांना खरंच ती गंमत वाटली.

“गंगाबाई,” अहल्या म्हणाली. आवाज एवढा चढला की माइक किंचाळला. “गंगाबाई, यांची बायको. गुजराती घरांत रोटल्या लाटून. मागच्या दाराने जायची आणि देवळात गेले होते म्हणून सांगायची, म्हणजे यांना पागेवाले म्हणवून घेता यावं. तुम्ही ज्याला हसता ना, त्याच्या पडण्याखाली ती सापडली होती. आता पुन्हा ते फोनवर पाठवाल तेव्हा तिलाही पाठवा!”

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी तिच्याकडे बघेना. पुढच्या रांगेतली एक म्हातारी तेवढी डोळे न हलवता तिच्याकडे बघत होती. वसंतरावांनी घसा खाकरला, पण त्यांना कुठलीही माहिती आठवेना.

अहल्येने माइक टेबलावर ठेवला आणि आबांना हात दिला, कारण पायऱ्या उतरायच्या होत्या आणि वाकडा पाय कुणाच्या आधाराशिवाय खाली टेकत नव्हता. आबांनी सगळा भार तिच्या खांद्यावर टाकला. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता, तरी तिने खांदा काढून घेतला नाही. मधल्या पायरीवर ते थांबले.

“माझ्याच्याने बोलवेना गं,” ते हळूच म्हणाले. “एवढ्या लोकांत.”

“तिच्याच्यानेही बोलवलं नाही, आबा. पन्नास वर्षं गप्प राहिली,” अहल्या म्हणाली. “पण ती तुमच्यासाठी गप्प होती. तुम्ही कुणासाठी गप्प आहात?”

आबा खालच्या पायरीकडे बघत राहिले. पाय कुठे ठेवायचा हे जणू त्यांना दिसत नव्हतं.