कडेला धरलेलं नाणं

यमुनाने पलंगावरून हात लांबवून टेबलावरचं नाणं उचललं, तसा दिनानाथ खुर्चीतून अर्धा उठला.

"कडेला धर. ठसे उमटतात."

"पावणेतीनशे वर्षांत एवढ्यांचे हात लागले, तेव्हा काही झालं नाही," ती म्हणाली आणि तिने मुद्दाम राजाच्या नाकावर अंगठा दाबला.

पोर्तुगालच्या राजांची सोन्याची नाणी जमवणं हा दिनानाथचा छंद. त्या देशाने आपला शेवटचा राजा १९१० सालीच हाकलून दिला होता. वसईतल्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मात्र १९९८च्या मार्चमध्येही सात राजे निळ्या मखमलीवर बिनविरोध राज्य करत होते. त्यातला सातवा यमुनाच्या माहेरचा. वाडीत केळीसाठी खड्डा खणताना तो तिच्या आजोबांना सापडला. आजीने त्याला भोक पाडून गळ्यात घातला आणि पुढे तो यमुनाच्या गळ्यात आला. भोक पाडणाऱ्या त्या बाईला दिनानाथने कधीच क्षमा केली नाही. पण तसला दुसरा मिळेना. म्हणून लग्नानंतर वर्षभरातच त्याने तो "जरा बघायला" मागून घेतला. त्याला सव्वीस वर्षं झाली.

यमुनाने नाणं डोळ्याला लावलं.

"या भोकातून मी आणि हरेश्वर एकमेकांना बघायचो. तो विहिरीच्या त्या काठाला, मी या काठाला. धाकटा असून मला म्हणायचा, ताई, तुझं तोंड वाटाण्याएवढं दिसतंय."

"हं."

"ऐका. डॉक्टर तुम्हाला दाराबाहेर नेऊन जे सांगून गेले, ते मला इथे ऐकू आलं. मी बहिरी नाही झाले अजून. शेवटी तोंडात सोनं घालतात ना, तेव्हा हे घाला. माझं. तुमच्यातलं नको."

"काहीतरीच बोलू नकोस."

"हो म्हणा."

"हो."

तिने नाणं परत दिलं. या वेळी कडेला धरून.

पंधरा दिवसांनी ती गेली. भटजींनी गंगाजल, तुळशीपत्र झाल्यावर सोनं मागितलं. दिनानाथ आतल्या खोलीत गेला आणि त्याने कपाट उघडलं. बाहेर मंडळी खोळंबली होती.

"राहू दे जरा वेळ," शेजारचे कोणीतरी दबक्या आवाजात म्हणाले. "कोसळलाय बिचारा."

तो कोसळला नव्हता. तो निवडत होता.

मखमलीवरच्या सातांपैकी एकालाही त्याने हात लावला नाही. खालच्या खणात, अदलाबदलीसाठी ठेवलेलं एक दुबार नाणं होतं. झिजलेलं, कोणी घेत नसलेलं. ते त्याने मुठीत घेतलं. सोनं ते सोनं. भटजींनीही तेवढंच मागितलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अस्थी सावडायला चौघेच होते. हरेश्वर राखेत उकिडवा बसून एकेक अस्थी वेचून मडक्यात टाकत होता. मध्येच त्याचा हात थांबला. त्याने काहीतरी काळं उचललं, धोतराच्या सोग्याला घासलं, त्यावर फुंकर मारली. मग एक डोळा मिटून ते दुसऱ्या डोळ्यासमोर, उजेडाकडे धरलं.

बराच वेळ धरलं. उलटं करून परत धरलं.

"सापडलं का काही?" भटजींनी विचारलं.

"नाय," हरेश्वर म्हणाला.

मडक्याला फडकं बांधून झालं. अस्थी समुद्रात सोडायला अर्नाळ्याला जायची गाडी बाहेर उभी होती. हरेश्वरने मडकं उचलून छातीशी धरलं आणि दिनानाथजवळ येऊन मोकळा हात पुढे केला.

"भावोजी, ताई मला बोललेली, कुठलं घालायचं ते." त्याने तळहात उघडला. "हे तुमचं."

दिनानाथने दोन बोटांनी ते उचललं. कडेला धरून.