ढोलीवरचा हात

फलक

समाजभवनाच्या दारावर लागलेला फलक असा:

भारत – मलावी मैत्री
घरगुती बियाणे साठवण
मार्गदर्शक : सौ. भागाबाई जंगलू उईके

कारंजा घाडग्याहून आत आठ किलोमीटरवरच्या या गावात भागाबाईचं नाव याआधी फक्त मतदारयादीत आणि मजुरीच्या मस्टरवर लागलं होतं. तिच्या नवऱ्याने, जंगलूने, फलक दोनदा वाचला.

"दोन देशांच्या खाली तुह्यंच नाव हाये वं. मधात कोणीच नाई."

"तुह्यं बी हाये न, माह्या नावात."

"म्या तं फुकटात आलो."

ढोली म्हणजे

बांबूच्या कमच्यांची, कमरेएवढी उंच टोपली. आतून-बाहेरून शेणमातीने सारवलेली. आत राख, कडुलिंबाचा वाळका पाला आणि ज्वारीचं बी.

सारवण ओलं असतानाच भागाबाई त्यावर पंजा उमटवते. मग रोज त्या ठशात हात ठेवून पाहते. गार लागला की थांबायचं. गार लागेनासा झाला की वाळलं. मगच बी भरायचं. तिची आई हेच करायची. आणि ढोली जिने भरली, उघडायचीही तिनेच.

मलावीतल्या बायकांच्या मक्याच्या बियाण्याला कीड लागत होती. ढोली पटली तर त्या भागाबाईला महिनाभर तिकडे शिकवायला नेणार होत्या. पासपोर्ट आला होता. फोटोत ती कुणावर तरी रागावलेली दिसत होती.

मे महिन्यात

एक ढोली समाजभवनात ठेवायची ठरली. प्रभाकरराव, म्हणजे निवृत्त मास्तर आणि बायकांच्या गटाचे सल्लागार, म्हणाले, तिच्यावर दोन्ही देशांचे झेंडे काढू. ऑइलपेंटने. पेंटर कारंज्याहून एकाच दिवसासाठी आला होता.

"भागाबाई, तो पंजा तेवढा पुसून टाका. झेंड्यात येऊन राह्यला."

सारवण दोन दिवसांचं होतं. हात गार लागत होता.

तिने पंजा पुसला.

मलावीच्या झेंड्यात काळ्या पट्ट्यावर लाल सूर्य उगवतो. तो तर तिने स्वतःच्या बोटाने रंगवला. संध्याकाळी बी भरलं, तोंड लिंपलं. किती सुंदर दिसत होती ढोली!

सोमवार, सप्टेंबर

मलावीहून पाच बायका आल्या. पुढे एस्नात फिरी, पन्नाशीची, मका करणारी. ती इंग्रजीत बोले आणि गावातली वर्षाली, कृषी पदवीधर, मराठीत सांगे.

भागाबाईने तोंडाचं लिंपण फोडलं. वास आला. आंबूस, भिजलेल्या पोत्यासारखा. तिच्याशिवाय कुणाला कळला नाही. टाळ्या वाजत होत्या.

शंभर दाणे ओल्या गोणपाटात पसरून गुंडाळले. किती उगवतात ते गुरुवारी सगळ्यांसमोर मोजायचं.

घरी येऊन तिने चुलीमागची रोजची ढोली उघडली. बिनरंगाची, पंजावाली. त्यातलेही शंभर दाणे दुसऱ्या गोणपाटात गुंडाळले.  

मंगळवार, बुधवार

एस्नातने अंबाडीची भाजी तीनदा मागून घेतली. वावरात निंदणाला बसली तर आपल्या ओळीत भागाबाईच्या पुढे गेली.

"हे पाहुणी हाये का मुकादम?" जंगलू म्हणाला. वर्षालीने तेही सांगून टाकलं. एस्नात इतकी हसली की विळा खाली ठेवावा लागला.

भागाबाई हसली नाही.

गुरुवार, सकाळी

प्रभाकरराव चपला न काढता थेट चुलीपर्यंत आले.

"मी समाजभवनातलं गोणपाट उघडून पाह्यलं. तीसेक दाणे उगवले असतील. बाकी बुरशी."

भागाबाईने घरचं गोणपाट उलगडलं. पांढरे कोंब दाटीने उभे होते.

मास्तरांनी श्वास सोडला. "वाचलो! हेच न्या तिकडं. कोणाले काय समजते?"

"मले समजते."

"देशाच्या इज्जतीचा सवाल आहे, बाई! तुमचं जाणंही याच्यावर आहे."

"म्हणून तं दोन्ही नेतो, गुरुजी."

"दोन्ही?"

"चपला काढा. चूल हाये."

गुरुवार, दुपारी

दोन गोणपाटं शेजारी शेजारी.

भागाबाई गोंडीत मोजू लागली: उंदी, रंड, मूंद. एस्नात समोरून आपल्या भाषेत: मोझी, विरी, ताटू. पाचाच्या पुढे दोघींचा वेग सारखा झाला.

झेंड्यांच्या ढोलीतले एकतीस.
चुलीमागचे चौऱ्याण्णव.

भागाबाई उभी राहिली.

"वर्षाली, सांग त्याइले. बी एकच हाये, एकाच वावरातलं. सारवण ओलं होतं. म्या हात पुसला अन् वरून रंग लावू देल्ला. ओल बाहेर जाईना, आत गेली. पेंटरचा दोष नाई, गुरुजीचा नाई. मले गार लागलं होतं."

वर्षालीने सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना ती अडखळली. प्रभाकरराव भिंतीकडे पाहत होते.

एस्नात उठली. झेंड्यांच्या ढोलीला नाक लावलं, नखाने रंग खरवडला. मग बोलू लागली, आणि वर्षाली एकेक वाक्य मराठीत आणू लागली.

"आमच्याकडेही विणलेली कोठी असते. एका वर्षी बाहेरून माणसं आली. म्हणाली, सिमेंट लावा, मजबूत होईल. आम्ही लावलं. सगळा मका आत सडला. त्यांनी दाखवायला आणलेला मका मात्र चांगला होता. सडलेला कुणी दाखवलाच नाही."

ती भागाबाईकडे वळली. "तू दाखवलास. तू ये. आमच्या बायकांना आधी तो गार हात शिकव."

मग विळा मागितला. दोघी खाली बसून ऑइलपेंट खरवडू लागल्या. थोड्या वेळाने प्रभाकररावही आले, हातात मोडका चमचा घेऊन. चपला त्यांनी दाराबाहेर काढल्या होत्या.

जानेवारी, हायवेवरचा ढाबा

जंगलू मोबाईल धरून उभा. भागाबाईने मलावीहून पाठवलेला फोटो. उन्हात उभ्या चाळीस ढोल्या, त्यांच्याकडच्या वेताच्या, पण आपल्यासारख्या सारवलेल्या. प्रत्येकीवर एक पंजा. रंग कुठेच नाही.

"चाळीस हात," ढाबेवाला म्हणाला. "यातला वहिनीचा कोणता, कसा समजन?"

जंगलूने बोट ठेवलं. तिसऱ्या ओळीत, डावीकडून दुसरा. करंगळी वाकडी.

"कापणीत विळा लागलता. मीच बांधलती चिंधी."

नागपूरकडे जाणारा एक ट्रकवाला चहा घेत होता. जंगलूने फोटो त्याच्यापुढे धरला.

"पाहा भाऊ. हे आमच्या घरचं हाये."