तळं : पंचेचाळीस मिनिटं

आमच्या वस्तीमागचं रान वस्तीनंच राखलंय. त्यात तीन पायवाटा आहेत, एक तळं आहे, आणि तिठ्यावर आमच्या ह्यांनी रंगवलेली पाटी आहे : ‘तळं – पंचेचाळीस मिनिटं’. सगळा घोळ त्या पाटीनं घातला.

धडधाकट माणसाला तळं पंधरा मिनिटांवर आहे. लोक पंधरा मिनिटांत पोचायचे, पाण्याकडे बघायचे आणि ‘हे नव्हे, अजून अर्धा तास आहे’ म्हणून पुढच्या काटेरी झुडपांत घुसायचे. बेकरीवाले तर सहकुटुंब घुसले. बाहेर आले तेव्हा सदऱ्याची एक बाही आतच राहिली होती आणि बायको त्यांच्याशी बोलत नव्हती.

आता ह्यांची बाजू. ह्यांनी तीस वर्षं बसची वेळापत्रकं बनवली. पद्धत ठरलेली : तीन फेऱ्या मारायच्या आणि त्यातली सगळ्यात लांबलेली वेळ कागदावर घालायची. “उशिरा पोचला की माणूस बोंबलतो. लवकर पोचला म्हणून बोंबललेला मी तरी पाहिला नाही.” गेल्या वर्षी ह्यांचा गुडघा बदलला. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. हे खिडकीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच, आणि मला भांडी घासायला किती मिनिटं लागतात ते मोजायला लागले. तेवढ्यात रानाच्या समितीला पाट्या लिहायला माणूस हवा झाला. ह्यांचं नाव मीच पुढे ढकललं.

त्या तीन फेऱ्यांना घड्याळ माझ्या हातात होतं. सगळ्यात लांबलेल्या फेरीत, तीन दगडांवर टेकून, एकदा माझ्यावर खेकसून, एकदा “चल परत” म्हणून आणि मग न परतता, हे तळ्याशी पोचले. पंचेचाळीस. संध्याकाळी गुडघा भोपळ्याएवढा सुजला, पण माणूस शीळ घालत होता.

समितीच्या अध्यक्ष म्हणजे कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या घरी आल्या, चहा नको म्हणाल्या, तेव्हाच मी ओळखलं.

“काका, ती पाटी काढावी लागेल.”

“मोजून लिहिलीय.”

“मी बारा मिनिटांत जाते.”

“तुम्ही कोणाचा तरी दात अर्धवट सोडून जात असाल.”

बाई हसल्या नाहीत. “रविवारी आमच्यासमोर चालून दाखवा. पंचेचाळीस लागली तर पाटी राहील. नाहीतर पाट्यांचं काम दुसऱ्याकडे देऊ.”

त्या गेल्या. ह्यांनी खुर्चीकडे एकदा बघितलं. मीही बघितलं. ती खुर्ची परत ह्यांना गिळणार, असं माझ्या मनात आलं.

रविवारी आम्ही दोघं, डॉक्टरीणबाई आणि पूर्ण बाह्यांचे बेकरीवाले, असे तिठ्यावरून निघालो. मी घड्याळ सुरू केलं आणि पहिल्या वळणाशीच माझ्या लक्षात आलं, आपलं काही खरं नाही. बाईंसमोर लंगडायचं नाही, असं ह्यांनी ठरवलं होतं.

पहिला दगड आला. हे सरळ पुढे.

“अहो, टेका ना जरा.”

“कशाला?”

“दगड आहे म्हणून.”

दुसऱ्या दगडाशी मी ह्यांची बाही ओढली. “सावकाश! तुम्ही आपलीच पाटी पाडताय.”

“लोक बघतायत. म्हाताऱ्यासारखा चालू?”

“आहात की!”

तिसरा दगड कधी गेला ते मलाही कळलं नाही. मागून बेकरीवाले धापा टाकत म्हणाले, “काका, शेवटची बस आहे का?”

झाडं सरली, पाणी दिसलं. मी घड्याळ थांबवलं आणि मूठ मिटून घेतली.

“किती?” बाईंनी विचारलं.

“बंद पडलंय वाटतं,” मी म्हणाले. खोटं बोलायची मला सवय नाही, पण त्या क्षणी ते अगदी घरच्यासारखं तोंडात आलं.

ह्यांनी माझी मूठ उघडली. घड्याळाकडे बघितलं. पाण्याकडे बघितलं. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, “हे दुसरं तळं असेल.”

“एकच तळं आहे, काका.”

“बावीस?” हे खाली वाकून गुडघ्याकडे असे बघायला लागले, जणू तोच उत्तर देणार होता. मग सरळ झाले. “अगं, बावीस! अर्ध्याहून कमी!”

“मग पाटी—” बाई म्हणाल्या. भांडायच्या तयारीनं आल्या होत्या बिचाऱ्या, आता हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळेना.

“काढणार! खोटी वेळ मी एक मिनिटही टांगून ठेवणार नाही.” आणि तिठ्यावर परत येऊन, बेकरीवाल्यांच्या चाकूनं, ह्यांनी स्वतः तिचे स्क्रू काढले.

“आता काम यांच्याकडे,” बाईंनी बेकरीवाल्यांकडे बोट दाखवलं.

“चालेल. पण फेऱ्या तीनच मारायच्या,” हे त्यांना म्हणाले. “मी बरोबर येतो, तुम्हाला फार दम लागतो. उद्या सकाळी सहा. आज एक मारायचीय का?”

बेकरीवाले काही बोलायच्या आत पाटी काखोटीला मारून हे तळ्याच्या वाटेला लागलेसुद्धा. मी मागून निघाले. वर्षभर मी पुढे आणि हे मागे, अशी आमची चाल; त्यामुळे ते शब्द कसे म्हणायचे ते क्षणभर आठवेना.

“अहो,” मी ओरडले, “थांबा ना जरा!”